जुनी उपसाधने आणि नव्या संचालन प्रणाली : सुसंगत ड्रायव्हरच्या शोधाची पद्धती

संगणकाला जोडल्या जाणाऱ्या उपसाधनांचे आयुष्य आणि त्या संगणकातील संचालन प्रणालीचे आयुष्य यांचा मेळ क्वचितच बसतो. चांगल्या प्रतीचे छपाईयंत्र किंवा स्कॅनर नीट हाताळल्यास पंधरा-वीस वर्षे काम देऊ शकतो. संचालन प्रणालीची आवृत्ती मात्र दहा वर्षांच्या आसपास निवृत्त होते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज १० ही २०१५ मध्ये आली आणि तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. परिणामी संगणक बदलला की यंत्र सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते. त्याचे दिवे लागतात, मोटार फिरते; परंतु संगणक त्यास ओळखत नाही. अशा वेळी 'ड्रायव्हर मिळत नाही' एवढेच कारण सांगितले जाते आणि यंत्र अडगळीत जाते.

'ड्रायव्हर मिळत नाही' या एका वाक्यात प्रत्यक्षात चार-पाच भिन्न अडचणी दडलेल्या असतात. प्रत्येकीचे कारण वेगळे आणि म्हणून उपायही वेगळा. कारण न ओळखता केलेला शोध बहुधा निष्फळ ठरतो आणि काही वेळा धोकादायकही होतो. प्रस्तुत लेखात या अडचणींचे वर्गीकरण, त्या ओळखण्याची रीत आणि उपायांचा क्रम मांडला आहे.

१. ड्रायव्हर म्हणजे काय?

'ड्रायव्हर' या संज्ञेसाठी मराठीत 'चालक' हा पर्याय सुचतो. परंतु त्यातून गाडी हाकणाऱ्याचे चित्र उभे राहते आणि मूळ कार्य झाकले जाते. ड्रायव्हर ही आज्ञावली यंत्र हाकत नाही; ती दुभाष्याचे काम करते. संचालन प्रणाली सर्वसामान्य भाषेत सांगते, 'हे पान छाप', 'ही प्रतिमा वाच'. विशिष्ट यंत्राला मात्र त्याची स्वतःची सांकेतिक भाषाच कळते. एकीकडची आज्ञा दुसरीकडच्या संकेतांत नेणे आणि यंत्राचे उत्तर परत आणणे हे ड्रायव्हरचे कार्य होय.

दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. यंत्राची भाषा कारखान्यातून बाहेर पडतानाच निश्चित झालेली असते. ती बदलत नाही. संचालन प्रणालीची भाषा मात्र आवृत्तीगणिक बदलते. त्यामुळे जुना ड्रायव्हर यंत्राशी उत्तम बोलू शकतो, पण नव्या प्रणालीच्या दरबारात त्याचे बोलणे कोणालाच कळत नाही. यंत्र जुने झाले म्हणून नव्हे, तर मधला दुवा तुटला म्हणून काम थांबते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे शोध यंत्राभोवती न फिरता त्या दुव्याभोवती फिरू लागतो.

बहुतेक ड्रायव्हर सामान्य आज्ञावलीप्रमाणे प्रणालीच्या बाह्य आवारात राहत नाहीत. त्यांतील अनेक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, काम करतात. तेथे झालेली चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकते आणि तेथे शिरलेली दुष्ट आज्ञावली सर्व काही पाहू शकते. नव्या प्रणालींनी ड्रायव्हरवर घातलेले निर्बंध या कारणातून आलेले आहेत.

२. सुसंगती का तुटते?

२.१ रचनेतील बदल. विंडोज ९५ या प्रणालीतील ड्रायव्हर 'व्हीएक्सडी' नावाच्या रचनेचे होते. विंडोज ९८ आणि विंडोज २००० यांच्याबरोबर 'डब्ल्यूडीएम' ही सामायिक रचना आली आणि विंडोज एक्सपीमध्ये घरगुती व कार्यालयीन संगणकांच्या दोन्ही परंपरा एक झाल्या. ज्या उपसाधनांसाठी केवळ व्हीएक्सडी ड्रायव्हर लिहिले गेले होते, त्यांचा प्रवास तेथेच संपला. पुढे विंडोज व्हिस्टाने गाभ्यात चालणारे छपाईयंत्रांचे ड्रायव्हर नाकारले आणि आणखी एक पिढी मागे पडली.

२.२ बत्तीस आणि चौसष्ट बिट. बत्तीस बिटांच्या प्रणालीचा ड्रायव्हर चौसष्ट बिटांच्या विंडोजच्या गाभ्यात चालत नाही. सामान्य आज्ञावल्यांसाठी प्रणालीने मधली सोय ठेवली आहे. गाभ्यासाठी अशी सोय नाही. विंडोज १० पर्यंत बत्तीस बिटांची आवृत्ती उपलब्ध होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांतच मिळते. त्यामुळे ज्या निर्मात्याने आपल्या जुन्या स्कॅनरसाठी चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर कधीच लिहिला नाही, त्या स्कॅनरला विंडोज ११ वर थेट वाट उरत नाही. हीच अडचण एआरएम प्रकारच्या प्रक्रियक असलेल्या नव्या संगणकांवर निराळ्या रूपात उभी राहते. तेथे इंटेल-धर्तीच्या आज्ञावल्या अनुकरणाने चालतात. परंतु गाभ्यातील ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो.

२.३ स्थापनेच्या आज्ञावलीची अडचण. काही वेळा ड्रायव्हर योग्य असतो, पण त्याची स्थापना करणारी आज्ञावली सोळा बिटांची असते. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांच्या आज्ञावल्या मुळीच चालत नाहीत. तबकडी घातली, 'सेटअप'वर टिचकी मारली आणि नकाराचा संदेश आला, एवढ्यावरून ड्रायव्हरच निकामी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. तबकडीतील 'आयएनएफ' विस्तार असलेली धारिका शोधून डिव्हाइस मॅनेजरमधून थेट तिच्याकडे निर्देश केल्यास स्थापना होऊ शकते.

२.४ अंकीय स्वाक्षरी. चौसष्ट बिटांच्या व्हिस्टापासून गाभ्यातील ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरी असणे सक्तीचे झाले. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून नियम अधिक कडक झाला आणि नव्या ड्रायव्हरसाठी खुद्द मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी आवश्यक ठरली. स्वाक्षरीचा अर्थ 'हा ड्रायव्हर चांगला आहे' असा नसून 'हा ड्रायव्हर अमुक निर्मात्याचा आहे आणि त्यात नंतर कोणी फेरफार केलेला नाही' एवढाच असतो. धारिकेतील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही.

२.५ द्वारांचा लोप. जुनी उपसाधने समांतर द्वार, क्रमिक द्वार किंवा स्कझी पत्ता-साखळी यांतून जोडली जात. १९९६ मध्ये पहिली यूएसबी संहिता प्रसिद्ध झाली आणि पुढील दशकात ही द्वारे संगणकावरून हळूहळू नाहीशी झाली. येथे प्रश्न ड्रायव्हरचा नसून जोडणीचा असतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. यंत्राची खरी ओळख

शोधाची पहिली पायरी म्हणजे यंत्राची ओळख पटविणे. खोक्यावरचे किंवा झाकणावरचे नाव यासाठी पुरेसे नसते. एकच यंत्र निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकले जाते. उलट एकाच नावाखाली आतली इलेक्ट्रॉनिक चिप बदललेली असू शकते. खरी ओळख यंत्र स्वतःच सांगते.

यूएसबीने जोडलेले प्रत्येक साधन संगणकाला दोन क्रमांक कळविते. पहिला विक्रेत्याचा, दुसरा उत्पादनाचा. दोन्ही षोडशमान पद्धतीतील चार-चार चिन्हांचे. कॅननचा विक्रेता क्रमांक ०४ए९, एचपीचा ०३एफ०, तर एप्सनचा ०४बी८ असा आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून संबंधित साधनाच्या गुणधर्मांतील 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडल्यास हे क्रमांक दिसतात. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा तेच काम करते. साधनाला ड्रायव्हर नसला तरी हे क्रमांक वाचता येतात, कारण त्यांचे वाचन जोडणीच्या प्राथमिक टप्प्यावरच होते. क्रमांकच दिसत नसतील तर दोष केबल, द्वार किंवा यंत्र यांत आहे, असे समजून ड्रायव्हरचा शोध थांबवावा.

दुसरी खूण म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधील दोष-क्रमांक. २८ हा क्रमांक ड्रायव्हर बसविलेलाच नाही असे सांगतो. १० हा क्रमांक ड्रायव्हर आहे, पण साधन सुरू होऊ शकले नाही असे दर्शवितो. ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब झालेला वा हरवलेला असणे. ५२ म्हणजे स्वाक्षरीची पडताळणी न होणे. यांतील प्रत्येक क्रमांक वेगळ्या दिशेला बोट दाखवितो. २८ आल्यास शोध घ्यावा. ५२ आल्यास त्याच ड्रायव्हरची योग्य स्वाक्षरी असलेली आवृत्ती पाहावी. १० आल्यास प्रथम जोडणी व चिप तपासावी.

दोष-क्रमांक १० चे एक परिचित उदाहरण क्रमिक द्वाराच्या जोडतारांत आढळते. अशा अनेक तारांत प्रॉलिफिक कंपनीची पीएल-२३०३ ही चिप असते. तिच्या जुन्या प्रकारांना आणि नकली प्रतींना कंपनीचे नवे ड्रायव्हर स्वीकारत नाहीत. वापरणारा अधिकाधिक नवा ड्रायव्हर शोधत राहतो; गरज मात्र जुन्या आवृत्तीची किंवा वेगळ्या चिपच्या तारेची असते. 'नवा तो चांगला' हा समज जुन्या उपसाधनांच्या बाबतीत अनेकदा उलटा ठरतो.

४. शोधाचा क्रम

ओळख पटल्यावर पुढील क्रमाने शोध घेणे हितावह ठरते.

प्रथम संचालन प्रणालीचा स्वतःचा साठा. विंडोज अपडेटमधील 'ऐच्छिक' विभाग अनेकदा पाहिलाच जात नाही. येथे एक बदल लक्षात ठेवला पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने असे जाहीर केले, की अन्य निर्मात्यांच्या छपाईयंत्र-ड्रायव्हरचे विंडोज अपडेटमार्फत होणारे वितरण टप्प्याटप्प्याने आवरले जाईल आणि सर्वसाधारण आयपीपी ड्रायव्हरला प्राधान्य मिळेल. सबब, आज सुरळीत चालणाऱ्या जुन्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर आजच उतरवून जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

दुसरे ठिकाण निर्मात्याचे संकेतस्थळ. तेथे आपल्या नेमक्या प्रणालीचे नाव नसले तरी लगेच परतू नये. विंडोज ७ किंवा ८ साठीचा चौसष्ट बिटांचा स्वाक्षरीयुक्त ड्रायव्हर विंडोज १० व ११ वर चालण्याची शक्यता बरीच असते. उलट एक्सपीचा बत्तीस बिटांचा ड्रायव्हर तेथे चालण्याची शक्यता नसते. म्हणजे प्रणालीच्या नावापेक्षा बिटांची संख्या अधिक निर्णायक असते.

तिसरे ठिकाण मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. तेथे यंत्राच्या नावाऐवजी उपरोक्त क्रमांकांनी शोध घेता येतो. मिळालेली धारिका 'कॅब' स्वरूपात असते. ती उलगडून आयएनएफ धारिकेकडे निर्देश करावा लागतो.

चौथे ठिकाण चिपच्या निर्मात्याचे. जोडतारा, ध्वनिपत्रे, संजालपत्रे यांवर विकणाऱ्याचे नाव एक आणि चिपचे दुसरेच असते. विकणारी कंपनी बंद पडली तरी चिपचा निर्माता ड्रायव्हर देत असतो.

पाचवे ठिकाण मूळ तबकडी आणि तिच्या जतन केलेल्या प्रती. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत जुन्या तबकड्यांच्या प्रतिमा आढळतात. अधिकृत साठे कायम राहतील असे गृहीत धरता येत नाही. मायक्रोसॉफ्टने ३ ऑगस्ट २०२० रोजी एसएचए-१ या जुन्या पद्धतीने स्वाक्षरी केलेला मजकूर आपल्या डाउनलोड केंद्रातून काढून टाकला. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असला तरी त्यात जुना उपयुक्त ऐवजही गेला.

'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरविणाऱ्या आज्ञावल्या आणि अनोळखी संकेतस्थळे यांना या क्रमात स्थान नाही. ड्रायव्हर गाभ्यात शिरतो हे पूर्वी सांगितलेच आहे. ज्याला गाभ्यात प्रवेश द्यावयाचा त्याचे गाव-नाव माहीत असलेच पाहिजे.

५. थेट ड्रायव्हर नसल्यास

५.१ छपाईयंत्राची भाषा. छपाईयंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील यंत्रांना एखादी सर्वमान्य पृष्ठवर्णन-भाषा येते. उदाहरणार्थ, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट, एचपीची पीसीएल किंवा ठिपके उमटविणाऱ्या यंत्रांसाठी एप्सनची ईएससी/पी. अशा यंत्राला त्याच्या नावाचा ड्रायव्हर लागतोच असे नाही. तीच भाषा बोलणारा दुसरा कोणताही ड्रायव्हर चालतो. एचपीचा 'युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर' याच तत्त्वावर उभा आहे. लेझरजेट १०१२ सारखी यंत्रे चौसष्ट बिटांच्या विंडोज ७ वर 'लेझरजेट ३०५५ पीसीएल ५' या भावंडाच्या ड्रायव्हरने चालविण्याची युक्ती वापरकर्त्यांत प्रसिद्ध झाली, ती याच कारणाने.

दुसऱ्या वर्गातील यंत्रे स्वतः पान रचत नाहीत. ते काम संगणकच करतो. अशी यंत्रे स्वस्त असतात, पण ती पूर्णपणे ड्रायव्हरवर अवलंबून राहतात. लेझरजेट १०२० हे तर वीज गेली की आपली अंतर्गत आज्ञावलीही विसरते. दर वेळी ड्रायव्हरने ती पुन्हा पाठवावी लागते. जुने यंत्र विकत घेताना किंवा दान स्वीकारताना ते कोणत्या वर्गातील आहे हे पाहिल्यास पुढील बराच मनस्ताप वाचतो.

मराठीच्या दृष्टीने येथे एक विशेष बाब आहे. विंडोजमध्ये 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर असतो. तो रोमन अक्षरांचे संकेत जसेच्या तसे यंत्राकडे पाठवितो आणि अक्षर उमटविण्याचे काम यंत्रावर सोपवितो. देवनागरीच्या बाबतीत ही युक्ती निष्फळ ठरते. जोडाक्षरे, वेलांटी, रफार यांची मांडणी संगणकातील लिपी-यंत्रणा करते. सामान्य ठिपके-छपाईयंत्राला ती ठाऊक नसते. देवनागरी मजकूर त्यास चित्ररूपानेच द्यावा लागतो. म्हणून देवनागरी छपाईसाठी चित्र पाठवू शकणारा, ईएससी/पी जाणणारा ड्रायव्हरच निवडावा लागतो. छपाई संथ होते, परंतु अक्षर शुद्ध उमटते.

५.२ स्कॅनर. स्कॅनरच्या बाबतीत सर्वमान्य भाषा फार उशिरा आली. १९९२ मधील ट्वेन आणि पुढे विंडोजमधील डब्ल्यूआयए हे संकेत आज्ञावली आणि ड्रायव्हर यांच्यातील आहेत. ड्रायव्हर आणि यंत्र यांच्यातील भाषा प्रत्येक चिपची निराळीच राहिली. त्यामुळे 'भावंडाचा ड्रायव्हर' येथे सहसा चालत नाही. पर्याय दोन. एक म्हणजे व्ह्यूस्कॅनसारखी विकत मिळणारी आज्ञावली. ती अनेक जुन्या स्कॅनरची भाषा स्वतःच जाणते. दुसरा म्हणजे लिनक्सवरील 'सेन' हा मुक्त प्रकल्प. कॅननच्या लाइड २० आणि लाइड ३० या यूएसबी स्कॅनरना सेनच्या 'प्लस्टेक' या विभागातून आधार मिळतो. निर्मात्याने पाठ फिरविलेल्या यंत्राला तेथे आश्रय मिळण्याचे कारण असे, की ड्रायव्हरचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो आणि प्रणाली बदलली की तो पुन्हा जुळवून घेता येतो.

५.३ मधला संगणक. एखाद्या लहानशा संगणकावर, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, लिनक्स बसवावी आणि जुने छपाईयंत्र त्यास जोडावे. त्यावरील 'कप्स' ही यंत्रणा ते छपाईयंत्र स्थानिक संजालावर आयपीपी या आधुनिक संकेताने मांडते. स्कॅनरसाठी 'एअरसेन' ही आज्ञावली असेच कार्य करते. नव्या संगणकाला मग जुने यंत्र दिसतच नाही. त्यास संजालावरील आधुनिक साधन दिसते आणि कोणताही खास ड्रायव्हर लागत नाही. संस्थेत एकाहून अधिक संगणक असतील तर हा उपाय सर्वांत टिकाऊ ठरतो. कारण पुढे विंडोजची कोणतीही आवृत्ती आली तरी मधला दुभाषी जागेवरच राहतो. मात्र ज्या यंत्राला लिनक्सवर आधार आहे त्यालाच हा उपाय लागू पडतो. तेव्हा खरेदीपूर्वी सेन व कप्स यांच्या सूचींत यंत्राचा शोध घ्यावा.

५.४ आभासी संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीने नव्या संगणकाच्या पोटात जुनी प्रणाली चालविता येते आणि यूएसबी साधन थेट तिच्या हवाली करता येते. तेथे मूळ बत्तीस बिटांचा ड्रायव्हर पूर्ववत चालतो. या उपायात दोन पथ्ये पाळावीत. जुन्या प्रणालीला सुरक्षा-सुधारणा मिळत नसल्याने तिला आंतरजालाशी जोडू नये. आणि तिचा परवाना संस्थेकडे असावा.

५.५ काय टाळावे? आयएनएफ धारिकेत आपल्या यंत्राचे क्रमांक हाताने घालणे, स्वाक्षरीची तपासणी बंद करणे, 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण काढून टाकणे, असे सल्ले सर्रास दिले जातात. धारिकेत फेरफार केला की स्वाक्षरी मोडते आणि मग तपासणीच बंद करावी लागते; म्हणजे एका यंत्रासाठी संगणकाचे सर्व दरवाजे उघडे ठेवावे लागतात. हा धोका केवळ काल्पनिक नाही. २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली त्रुटी छपाई-यंत्रणेतच होती आणि त्यानंतर ऑगस्ट २०२१ मधील सुधारणेने छपाई-ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार प्रशासक-वापरकर्त्यापुरता मर्यादित झाला. कार्यालयीन कामाच्या संगणकावर असे प्रयोग करू नयेत. आवश्यकच असेल तर संजालापासून तोडलेला स्वतंत्र संगणक वापरावा.

६. द्वारांचा प्रश्न आणि मराठी मजकुराची कुलपे

समांतर द्वाराच्या छपाईयंत्रासाठी यूएसबी-समांतर जोडतार मिळते आणि ती छपाईपुरती चालते. यावरून तिच्यावर समांतर द्वाराचे सर्व काही चालेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. ही तार संगणकाला 'मी छपाईयंत्राची जोडणी आहे' असे सांगते. ती समांतर द्वाराचा मूळ पत्ता निर्माण करीत नाही. जुने समांतर स्कॅनर आणि जुनी कुलपे त्या पत्त्याशीच थेट बोलत. म्हणून ती या तारेवर चालत नाहीत, आणि त्यावर कोणताही ड्रायव्हर उपाय नसतो. संगणकात जोडपत्र बसवून खरे समांतर द्वार मिळविणे हाच मार्ग उरतो; तोही जुनी आज्ञावली ते पत्ते मान्य करील तरच.

कुलपांचा हा प्रश्न मराठी ग्रंथव्यवहाराशी निकटचा आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र अक्षरसंचांत टंकित होत असे. अनेक टंक-आज्ञावल्यांबरोबर चोरी रोखण्यासाठी एक लहानसे साधन येत असे. व्यवहारात त्यास 'डोंगल' किंवा 'लॉक' म्हणत. ते प्रथम समांतर द्वाराला, नंतर यूएसबीला जोडले जाई. कुलूप ओळखले गेले नाही की आज्ञावली उघडत नाही. आणि आज्ञावली उघडली नाही की त्या स्वरूपातील ग्रंथ, कोश, नियतकालिकांचे अंक संगणकात असूनही संपादनासाठी दुरावतात.

येथे एक उपयुक्त भेद ध्यानात ठेवावा. कुलपाचा ड्रायव्हर टंक-आज्ञावलीच्या कंपनीचा नसतो. तो कुलपाच्या निर्मात्याचा असतो. सेंटिनेल आणि हास्प ही या क्षेत्रातील दोन जुनी नावे. ती पुढे एका छत्राखाली आली आणि २०१९ पासून थेल्स समूहाकडे आहेत. मूळ मराठी आज्ञावलीची कंपनी उत्तर देत नसली तरी कुलपावरील नाव व क्रमांक पाहून निर्मात्याकडे शोध घेता येतो. मात्र तेथेही फार जुन्या कुलपांचा आधार टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. म्हणून कुलूप चालू असतानाच सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हे या प्रश्नाचे खरे उत्तर होय. कुलूप दुरुस्त करणे हे साध्य नाही. मजकूर मोकळा करणे हे साध्य आहे.

याहून मागे गेल्यास सी-डॅकचे जिस्ट पत्र आढळते. ते संगणकाच्या आत बसवावे लागे आणि डॉस प्रणालीत भारतीय लिपी पडद्यावर आणि छपाईत आणीत असे. तशी खाच आजच्या संगणकात नाही आणि ती प्रणालीही नाही. त्या काळातील मजकूर १९९१ च्या इस्की प्रमाणकानुसार साठविलेला असेल, तर तो वाचण्यासाठी ते पत्र मुळीच लागत नाही. प्रमाणक प्रसिद्ध असल्याने रूपांतरण शक्य असते. यंत्र गेले तरी मजकूर वाचला, याचे कारण संकेत खुला होता. बंदिस्त अक्षरसंचांबाबत असे म्हणता येत नाही.

७. जुने यंत्र का राखावे?

नवा स्कॅनर स्वस्त असताना ही यातायात कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर तांत्रिक आहे. आजचे स्वस्त सपाट स्कॅनर बहुधा सीआयएस प्रकारचे असतात. त्यांचा संवेदक काचेला अगदी चिकटून असतो आणि काचेपासून किंचित उंच गेलेला भाग अस्पष्ट होतो. सीसीडी प्रकारच्या स्कॅनरची केंद्रण-खोली अधिक असते. घड्या पडलेला मोडी कागद, शिवणीकडे उचललेले पोथीचे पान, जाड बांधणीच्या ग्रंथाचा आतील समास यांसाठी सीसीडी स्कॅनर स्पष्टपणे सरस ठरतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयासारख्या मोठ्या संग्रहात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. परंतु महाराष्ट्राबाहेर मराठी कुटुंबांकडे आणि लहान संस्थांकडे असलेली दप्तरेही थोडी नाहीत. अशा ठिकाणी विशेष यंत्रणा परवडत नाही. कपाटात पडलेला जुना सीसीडी स्कॅनर पुन्हा चालू होणे म्हणजे एखादे दप्तर वाचणे असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

दुसरे उत्तर कचऱ्याचे आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि संगणकीय उपसाधने त्यांच्या कक्षेत येतात. परंतु पुनर्चक्रण ही शेवटची पायरी होय. चालू यंत्र चालू ठेवणे ही त्यापूर्वीची आणि अधिक लाभाची पायरी आहे.

तथापि प्रत्येक यंत्र राखण्याजोगे असतेच असे नाही. ज्याची शाई, फिती किंवा दिवा मिळत नाही, जे केवळ संगणकावर अवलंबून आहे आणि ज्याला लिनक्सवरही आधार नाही, अशा यंत्रावर वेळ घालविण्यापेक्षा ते नियमानुसार निकालात काढणे योग्य. शोधास मर्यादा असावी. यंत्राची ओळख, बिटांची संख्या, भाषा आणि द्वार या चार गोष्टी तपासल्या की ती मर्यादा लवकर कळते.

८. संस्थांसाठी एक शिस्त

ग्रंथालये दुर्मीळ ग्रंथ जपतात, त्याची नोंद ठेवतात. तीच दृष्टी यंत्रांच्या ड्रायव्हरला लावणे आवश्यक झाले आहे. प्रत्येक उपसाधनाबरोबर पुढील गोष्टींची नोंद असावी : विक्रेता व उत्पादन क्रमांक, चालू असलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती व बिटांची संख्या, मूळ तबकडीची प्रतिमा, ड्रायव्हर कोठून व कोणत्या तारखेस घेतला याची टीप, आणि धारिकेची अंकीय मुद्रा, जिच्या आधारे ती पुढे बदललेली नाही याची खात्री करता येते. संगणक बदलण्यापूर्वी, बदलल्यानंतर नव्हे, जुन्या संगणकावरील ड्रायव्हर काढून घ्यावेत. विंडोजमधील 'पीएनपीयूटिल' या आज्ञेने बसविलेले ड्रायव्हर धारिकारूपात बाहेर काढता येतात. हे काम काही मिनिटांचे आहे आणि ते न केल्यास पुढे आठवडे जातात.

सारांश, जुन्या उपसाधनाची विसंगती ही एकच व्याधी नसून अनेक व्याधींचे सामान्य लक्षण आहे. रचना, बिटांची संख्या, स्वाक्षरी, भाषा आणि द्वार यांपैकी नेमके काय आड येत आहे हे ठरविल्यावाचून शोधास दिशा मिळत नाही. ज्या यंत्राची भाषा सर्वमान्य आहे किंवा ज्याच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर खुला आहे, ते यंत्र निर्मात्याच्या इच्छेवाचूनही टिकते. ज्याची भाषा बंदिस्त आहे, ते निर्मात्याबरोबर संपते. पुढील खरेदीच्या वेळी किमतीच्या रकान्याशेजारी ही एक नोंद केली गेली, तर वीस वर्षांनंतर त्या यंत्रासमोर बसणाऱ्याचे काम पुष्कळ हलके होईल.